आईचा आखडलेला खांदा आणि २१ दिवसांचं मसाज पॅकेज

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आई ५७ वर्षांच्या, शाळेत शिक्षिका, शुगरच्या गोळ्या सुरू. दिवाळीपासून मान आणि उजवा खांदा दुखून राहिला आहे, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मनीषनगरकडच्या एका वेलनेस सेंटरने २१ दिवसांचं 'डिटॉक्स आणि फुल बॉडी मसाज' पॅकेज सांगितलं, पैसे आगाऊ भरले तर सवलत. शेजारच्या काकू म्हणतात नस चढली आहे, नस बसवणाऱ्याकडे न्या. आणि घरी चोळायचं तर तेल कोणतं, हेही तुम्ही विचारलं आहे.

मी नागपुरातच फिजिओथेरपी करते आणि पंचकर्म करणाऱ्या वैद्यांसोबतही बरीच वर्षं काम केलं आहे. माझं उत्तर असं: मालिश जरूर करा, पॅकेज घेऊ नका, आणि कोणाचाही हात लागण्याआधी खांदा तपासून घ्या.

तपासणी आधी का, तर वय, शुगर आणि रात्रीचं दुखणं या तीन गोष्टी एकत्र आल्या की मला पहिली शंका फ्रोजन शोल्डरची, म्हणजे खांद्याचा सांधा आखडण्याची येते. शुगर असलेल्यांमध्ये तो इतरांपेक्षा बराच जास्त दिसतो. घरच्या घरी अंदाज घ्या. आईंना अंबाडा बांधता येतो का? ब्लाउजचा मागचा हूक लावता येतो का? आता त्यांना हात सैल सोडायला सांगा, कोपर काटकोनात वाकवून अंगाला चिकटवा आणि तुम्ही हळूच मनगट धरून हात बाहेरच्या बाजूला फिरवून पाहा. डाव्या हाताच्या मानाने उजवा मध्येच अडत असेल, तुम्ही फिरवूनही पुढे जात नसेल, तर सांध्याभोवतीचं आवरण आखडलं असण्याची शक्यता मोठी. हा खांदा बरा होतो, पण सावकाश; एक ते तीन वर्षंही लागतात. सुरुवातीच्या दुखऱ्या काळात कोणी जोर लावून हात खेचला तर दुखणं भडकतं आणि बाई घाबरून हात हलवणंच बंद करते. नस बसवणाऱ्याकडे नेऊ नका असं मी म्हणते ते म्हणूनच. काकूंचा हेतू चांगला आहे, पण मान झटक्याने मोडण्याचा प्रकार तर कोणाच्याच मानेवर होऊ देऊ नका, मग तो सलूनमध्ये दाढीनंतर फुकटात होत असला तरी. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत.

खांद्याच्या दुखण्यासोबत जिना चढताना धाप लागणं, छातीत जडपणा, जबडा दुखणं, घाम फुटणं यातलं काही असेल तर त्याच दिवशी ईसीजी काढा. शुगर असलेल्यांमध्ये हृदयाचं दुखणं नेहमीसारखं छातीत जाणवेलच असं नाही. हात बधिर पडणं, हातातून वस्तू सुटणं, ताप, वजन उतरणं हेही डॉक्टरांना दाखवायचंच. आणि मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं सुरू असेल तर बी-१२ तपासून घ्या. ते कमी झालं की मुंग्या येतात, जळजळ होते, आणि घरोघरी लोक ती नुसती चोळत बसतात. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) किंवा मिहानमधल्या एम्सच्या अस्थिरोग ओपीडीत एक सकाळ जाईल, पण दुखणं काय आहे ते तर कळेल.

आता मालिशबद्दल. मालिशने आराम पडतो हे खरं आहे, तो केवळ मनाचा खेळ नाही. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडलं की स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मणक्यातल्या मज्जारज्जूत दुखण्याच्या संदेशांना अडवतात. लागलं की आपण ती जागा आपसूक चोळतो ते याचसाठी. त्याशिवाय केसाळ त्वचेत काही मज्जातंतू असे आहेत की ते फक्त संथ, कोमट, हलक्या स्पर्शालाच जास्त उठतात, सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या वेगाच्या. आई बाळाच्या पाठीवरून हात फिरवते तो हाच वेग. त्याने श्वास खाली उतरतो, जबडा सैल होतो, झोप लागते. मात्र हा आराम थोड्या काळाचा असतो. कंबरदुखीवरच्या मालिशच्या चाचण्यांचा कॉक्रेनने (उपचारांचे पुरावे एकत्र तपासणारी संस्था) २०१५ मध्ये आढावा घेतला, त्यातही हेच दिसलं: दुखणं काही काळ कमी होतं, पुढे तो फरक टिकत नाही, आणि पुरावाही फार भक्कम नाही.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. आराम थोड्या काळाचा असेल तर तो २१ दिवस विकत घेऊन बाविसाव्या दिवशी थांबवण्यात काय हशील? मालिशनंतरचे जे एक-दोन तास दुखणं कमी असतं, त्या वेळात आपण काय करतो यावर सगळं अवलंबून आहे. सेंटरमध्ये मालिश झाली, ऑटोत बसून वर्धा रोडच्या ट्रॅफिकमधून घरी आलं, आणि थेट ओट्यापाशी उभं राहून कणीक मळायला घेतली, तर तो वेळ गेला. त्याच वेळात खांद्याचे व्यायाम केले तर ते कमी दुखतात, म्हणून नीट होतात, म्हणून रोज होतात. खांदा सुटतो तो व्यायामाने. मालिश त्याची वाट मोकळी करून देते.

म्हणून घरीच करा, आणि ताई, शक्य असेल तर तुम्ही स्वतः करा. मुलं मोठी झाली की आपल्याकडच्या आयांना प्रेमाने हात लावणारं कोणी उरत नाही. त्या सगळ्यांचं अंग चोळून देतात, त्यांचं कोणी देत नाही. पंधरा मिनिटं तुमचा हात त्यांच्या पाठीवर फिरला तर त्याचा जो उपयोग होईल तो कुठल्याही सेंटरमध्ये मिळणार नाही, असं मी मनापासून सांगते.

रीत अशी. संध्याकाळी, जेवणाच्या आधी. सध्याच्या थंडीत खोलीचं दार-खिडकी लावून घ्या. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करा, गॅसवर थेट नको, आणि आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. आईंना खुर्चीवर उलटं बसवा, पाठीच्या टेकणीवर उशी, उशीवर कपाळ. सुरुवातीला पूर्ण तळव्याने मानेपासून खांद्यापर्यंत आणि पाठीवर संथ हात फिरवा, अंगठे लगेच रुतवू नका. मग मान आणि खांदा यांच्या मधला जाड स्नायू चिमटीत धरून मळा, सोडा, मळा. खडू धरून वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिणाऱ्या बायकांचा तिथला स्नायू दगडासारखा झालेला असतो. गाठ लागली तर तिच्यावर स्थिर दाब ठेवा आणि आईंना दोन-तीन लांब श्वास घ्यायला सांगा. दाब किती? 'दुखतं पण बरं वाटतं' इथपर्यंत. श्वास रोखला, खांदा वर ओढला गेला, की दाब जास्त झाला. मानेच्या पुढच्या भागावर, गळ्याच्या बाजूला अजिबात दाबायचं नाही. काखेतून खांद्याच्या फऱ्याकडे हलका हात फिरवला तर बहुतेकांना फार आराम वाटतो.

मग लगेच व्यायाम: पुढे वाकून उजवा हात सैल सोडून लंबकासारखे झोके, भिंतीवर बोटांनी वर चढणं, टॉवेल पाठीमागे धरून डाव्या हाताने हळूच वर ओढणं. फ्रोजन शोल्डर निघाला तर कितपत ताणायचं ते तपासणारे फिजिओथेरपिस्ट ठरवून देतील. नंतर कोमट पाण्याने आंघोळ किंवा शेक. शेकताना काळजी घ्या. शुगरमुळे त्वचेची जाणीव कमी झालेली असू शकते, गरम पाण्याच्या पिशवीने फोड येईपर्यंत बाईला कळत नाही. पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळूनच, आणि तळपायांना तर नकोच. बाम लावला असेल त्या जागी शेक देऊ नका, त्वचा भाजते. रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी विंटरग्रीनवाले बाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय भरपूर चोळू नयेत.

तेल म्हणाल तर तिळाचं. घाण्याचं, ताजं, साधं तिळाचं तेल मानेला-खांद्याला उत्तम. महानारायण किंवा सहचर तेल वैद्यांनी सांगितलं तर तेही बहुतेक तिळाच्याच तेलात सिद्ध केलेलं असतं. खोबरेल वाईट नाही, पण २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि आपल्या डिसेंबर-जानेवारीत बाटलीतून निघतही नाही. मोहरीचं तेल गरम वाटतं ते त्यातल्या झणझणीत द्रव्यामुळे. ते त्वचेला चुरचुरतं, नाजूक त्वचेवर आणि बाळांना नकोच. विदर्भात जवस पिकतो म्हणून काही घरांत जवसाचं तेल चोळतात. ते हवेत सुकून चिकट होतं (रंग आणि वॉर्निशमध्ये वापरतात ते याच गुणामुळे), आणि त्याने भिजलेली फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप तापून पेटूही शकतात. जवस चटणीत खावा, मालिशला घेऊ नये.

डिटॉक्सबद्दल दोनच वाक्यं. शरीरातला कचरा काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, मालिशने 'टॉक्सिन' बाहेर पडत नाहीत. कोणी तसं सांगून पैसे मागत असेल तर नेमकं कोणतं टॉक्सिन ते विचारा. काशाच्या थाळीच्या मशीनवर तळपाय काळे होतात आणि 'बघा, उष्णता निघाली' असं सांगतात, ते काळं थाळीच्या धातूचं आणि तेल-तुपाचं आहे. कासं म्हणजे तांबं आणि कथील. तळपायाला त्याने छान वाटतं, झोप लागते, तेवढ्यासाठी जरूर करा. फक्त शुगर असेल तर आधी पायाला चीर किंवा जखम नाही ना ते पाहा.

याचा अर्थ आयुर्वेद वाईट असा घेऊ नका. उलट शास्त्रातलं पंचकर्म ही फार विचारपूर्वक करायची गोष्ट आहे. वमन (उलटी), विरेचन (जुलाब), बस्ती (एनिमा), नस्य (नाकात औषध), रक्तमोक्षण (रक्त काढणं) ही पाच कर्मं. तेल लावणं आणि वाफ देणं हे त्यांच्या आधीचं पूर्वकर्म. फक्त तेल-वाफ देऊन 'पंचकर्म पॅकेज' म्हणणं चूक आहे. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याने अभ्यंग (तेलाची मालिश) रोज करावा, डोकं, कान आणि पाय यांना विशेष करावा असं सांगितलं, आणि लगेच पुढच्याच ओळीत कफाने ग्रासलेल्याने, नुकतंच शोधन (वमन-विरेचनासारखी शुद्धी) झालेल्याने आणि अजीर्ण असलेल्याने तो करू नये असंही बजावलं. माणूस पाहूनच उपचार, हा त्याचा आग्रह आहे. छापील पॅकेजात तो राहत नाही. वैद्यांकडेच जायचं असेल तर सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाच्या किंवा हनुमाननगरच्या श्री आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवा. स्वतःला डॉक्टर म्हणवणाऱ्याला पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. मालिश करणाऱ्यांसाठी आपल्याकडे अशी वेगळी सक्तीची नोंदणी नाही, म्हणून चौकशी आपणच करायची. आणि उन्हाळ्यात, पारा ४५ ला टेकलेला असताना, बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला वाफेच्या पेटीत बसवू नका, भोवळ येते.

तरीही आईंना बाहेर मालिश करून घ्यायची हौस असेल तर एकाच वेळचे पैसे द्या. करणारी बाई असावी, अंगावर चादर असावी, 'थांबा' म्हटलं की थांबावं. दुसऱ्या दिवशी पाहा: झोप कशी लागली, मान मागे वळते का, गोळी लागली का. काही दिवसांनी पुन्हा जावंसं वाटलं तर जा. वस्तीत बाळंतिणींची मालिश करणाऱ्या बायका असतात, त्यांचे हात अनेकदा सेंटरमधल्यांपेक्षा जाणते असतात. त्यांना मान द्या, पैसेही नीट द्या. दिवसभर चोळून त्यांचे स्वतःचे अंगठे दुखतात.

एक गोष्ट तुमच्या आईंसाठी नाही, पण विदर्भातल्या प्रत्येक घरासाठी लिहिते. मुलाची किंवा तरुण माणसाची हाडं-सांधे वारंवार, भयंकर दुखत असतील तर वात म्हणून चोळत बसू नका, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करा. आपल्या भागात हा आजार बराच आहे आणि सरकारी रुग्णालयांत तपासणी होते. त्यातली कळ थंडीने, पाणी कमी पडल्याने, तापाने उठते. बर्फ लावायचा नाही, पाणी पाजायचं, ऊब द्यायची आणि दवाखान्यात न्यायचं. एकाच पोटरीला अचानक सूज आणि लाली आली, ती हाताला गरम लागली तरीही चोळायचं नाही. आत रक्ताची गुठळी असली तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

आईंच्या दिवसाकडेही एकदा पाहा. शाळेत पाच-सहा तास उभं राहणं, घरी आल्यावर पुन्हा ओट्याशी उभं राहणं, रात्री वह्या तपासताना मान खाली. वह्या उंच मेजावर ठेवा, पोळ्यांचं काम घरात कोणीतरी वाटून घ्या, शाळेत काही दिवस फळ्यावर लिहायला मुलांना उभं करा. सकाळी फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर चालणं सुरू झालं तर शुगरही आटोक्यात येईल, आणि शुगर आटोक्यात असणं खांद्यालाही सोयीचंच. योग शिकायचा असेल तर रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात चौकशी करा, पण खांद्याचं आधीच सांगा, म्हणजे हातांवर भार येणारी आसनं टाळतील.

आता पुढचं मला कळवा: कोपर अंगाला चिकटवून उजवा हात बाहेर किती फिरतो, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) किती आहे, आणि पूर्वी कधी त्या खांद्यावर पडल्या होत्या का. त्यावरून व्यायाम नेमके सांगता येतील. तोवर सेंटरला आगाऊ पैसे भरू नका.