प्रश्न शिळा होऊ देऊ नकोस

अनेक आशीर्वाद.

जर्मनीतल्या सहा महिन्यांच्या प्रोजेक्टचं तुझं नक्की झालं, ऐकून फार बरं वाटलं. "सर, तिथला दिवस नेमका कसा जातो?" असं तू विचारलंस. फोनवर त्याचं उत्तर अर्धवटच राहिलं, म्हणून सवडीने लिहितोय.

सुरुवातीचे दिवस कागदपत्रांतच जातात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नोंदणी कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. खोलीची किल्ली हातात घेतानाच तो मागून घे. लॅबमध्ये सुरक्षेची माहिती देऊन तुझी सही घेतील, तोवर कशालाच हात लावू देणार नाहीत. ती माहिती जर्मनमध्ये दिली आणि कळली नाही, तर सही करण्याआधी पुन्हा इंग्रजीत सांगायला सांग. डोळे धुवायचा नळ कुठे आहे ते स्वतः चालत जाऊन बघून ये.

त्यानंतर खरा दिवस सुरू होतो. बहुतेक मंडळी सकाळी आठ-नऊपर्यंत येतात. प्रोफेसर तुला आठवड्यातून एकदा भेटले तरी पुष्कळ. रोजचा संबंध पीएचडी करणाऱ्या सीनियरशी येईल. ते लगेच 'डू' म्हणजे 'तू'वर येतील. प्रोफेसरांना मात्र 'झी' म्हणजे 'तुम्ही', ते स्वतः सांगेपर्यंत. तासाच्या वेळेपुढे 'सी.टी.' लिहिलेलं असेल तर दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो. भेटीची वेळ दहाची ठरली असेल तर मात्र दहाच.

आता जे मला मनापासून सांगायचं आहे ते सांगतो. मी तुझ्या वयाचा असताना अशाच एका लॅबमध्ये कॅल्शियम क्लोराइड या क्षाराच्या द्रावणांवर काम करत होतो. एका मंगळवारी आलेख बसेना. रीडिंग सगळी एकाच बाजूला सरकलेली. मला वाटलं, इतकं साधं जमत नाही हे कळलं तर हे लोक काय म्हणतील? म्हणून गप्प राहिलो. काचेची भांडी पुन्हा धुतली, नवं पाणी घेतलं, उपकरण पुन्हा कॅलिब्रेट केलं, संध्याकाळी सगळे गेल्यावरही बसून राहिलो. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी माझ्या सीनियरनेच विचारलं. मी सगळं सांगितलं, तशी ती मला बॅलन्सपाशी, म्हणजे वजनाच्या नाजूक काट्यापाशी घेऊन गेली. एका छोट्या काचेच्या बशीत चमचाभर क्षार ठेवला, बॅलन्सची दारं उघडीच ठेवली आणि म्हणाली, "बघ." चौथ्या दशांशाचा आकडा वर सरकत होता. थांबायचं नावच घेत नव्हता, हळूहळू तिसराही बदलला. क्षार हवेतलं पाणी ओढून घेत होता. मी मोजत होतो ते क्षाराचं आणि पाण्याचं मिळून वजन, आणि बाटलीचं झाकण रोज उघडं टाकत होतो. हे सगळं पाच मिनिटांत उलगडलं. चुकीबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. "अकरा दिवस का थांबलास?" एवढंच म्हणाली, आणि ते मला आजही लागतं.

म्हणून एक हिशेब ठरवून ठेव. सकाळी एखादी गोष्ट अडली तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत स्वतः झटून बघ. तिथे साडेअकरा-बाराच्या सुमारास सगळे मिळून 'मेन्सा'त म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये जातात. तू एकटी खोलीत डबा उघडून बसू नकोस, त्यांच्याबरोबर जा. तिथेच विचार. "चालत नाही" असं मोघम बोलू नकोस. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे सांग.

असं सांगता यायला वही नीट हवी. पानांना क्रमांक, रोजची तारीख, पेनानेच लिहायचं. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. पान फाडायचं नाही. क्षाराच्या बाटलीवरचा बॅच नंबरसुद्धा लिही. त्या वेळी तो मी लिहिला असता तर निदान बाटलीकडे लक्ष तरी गेलं असतं. डीएफजी ही तिथली संशोधनाला पैसा पुरवणारी मोठी संस्था. तिच्या नियमावलीनुसार मूळ नोंदी साधारण १० वर्षं जपून ठेवायच्या असतात. म्हणजे तू परत आल्यावरही कुणीतरी तुझं अक्षर वाचणार आहे. वही लॅबमध्येच राहते, म्हणून प्रबंधासाठी कशाच्या प्रती नेता येतील हे निघण्याआधी विचारून घे.

संध्याकाळचं थोडं सांगतो, कारण तू ऑक्टोबरात जाते आहेस. त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात आणि भारताशी फरक साडेतीन तासांवरून साडेचारवर जातो. डिसेंबरात चार-साडेचारलाच अंधारून येतं. त्या अंधारात आपलं काम फार मागे पडलंय असं उगाच वाटू लागतं, मलाही वाटायचं. पाच वाजता घरी फोन कर, तेव्हा इथे साडेनऊ झालेले असतात, आई जागी असते. लोक वेळेवर निघतात, तूही नीघ. घातक रसायनांचं काम एकटीने तर अजिबात करायचं नाही. रविवारी दुकानं बंद असतात. १९१९च्या राज्यघटनेतलं रविवारच्या विश्रांतीचं कलम आजच्या घटनेतही कायम आहे. तेव्हा सामान शनिवारीच भर आणि रविवारी लॅबकडे फिरकू नकोस.

पोचलीस की पत्ता कळव. निकालांची घाई नाही. पहिल्या आठवड्यात कुणाला कोणता प्रश्न विचारलास, तेवढं मात्र मला नक्की लिही.

तुझा,
सर