पृथ्वीच्या पोटात नायट्रोजन आणि आर्गॉन-हीलियम सारखेच वागतात का?

अर्धं हो, अर्धं नाही. हीलियम, निऑन, आर्गॉन, झेनॉन हे कुणाशी बाँड करत नाहीत, त्यामुळे मँटलचा (पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थराचा) खडक वितळला की ते पटकन मॅग्मात, म्हणजे वितळलेल्या खडकात शिरतात आणि वर येताना दाब कमी झाला की बुडबुडे होऊन सुटतात. अटलांटिकच्या तळावरून काढलेले बसाल्टचे (थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाचे) काही तुकडे तर जहाजाच्या डेकवर आणल्यावर चक्क फटफट फुटतात, आत गॅस इतका दाबून भरलेला असतो!

नायट्रोजनचं मात्र आजूबाजूला काय आहे त्यावर ठरतं. ऑक्सिजनचं प्रमाण बऱ्यापैकी असेल तर तो N₂ च (दोन अणूंची जोडी, म्हणजे वायू) राहतो आणि आर्गॉनसारखाच निसटतो, पण ऑक्सिजन कमी असला आणि त्याचा अमोनियम (NH₄⁺, नायट्रोजन-हायड्रोजनचा भारित कण) झाला की सगळं बदलतं, कारण अमोनियम आयनचा आकार पोटॅशियमच्या जवळपास, म्हणून तो अभ्रक, फेल्डस्पार अशा खनिजांमध्ये पोटॅशियमच्या जागी जाऊन बसतो आणि प्लेट खाली सरकताना गाळासोबत परत खोल जातो. मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं. आणि खूप खोल, जिथे धातूरूप लोखंड आहे, तिथे तो लोखंडातही विरघळतो.

आता हवेतला आर्गॉन बघा, जवळपास ०.९३%, आणि त्यातला ९९% हून जास्त आर्गॉन-४० (आकडा म्हणजे अणूचं वजन), म्हणजे खडकातल्या पोटॅशियम-४० च्या किरणोत्सारी क्षयातून (अर्धायुष्य, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, साधारण १२५ कोटी वर्षं) बनून बाहेर आलेला. हीलियम-३ चं उलट आहे, तो बहुतेक पृथ्वी बनतानाच अडकलेला, आणि हवाई, आइसलंडच्या लाव्हात आजही थोडा थोडा बाहेर पडतोय.