जाहीर नोटिशीतली कविता

प्रश्न : छापील मजकुरातले नको ते शब्द काळे करायचे आणि उरलेल्या शब्दांची कविता वाचायची, हा नाद मला लागला आहे. सोबत एका जाहीर नोटिशीचं कात्रण पाठवते. त्यात वर ‘दक्षिणेस विहीर’ आहे, खाली ‘कोणाचाही हक्क नाही’ आहे. मला ‘विहीर कोणाचीही नाही’ अशी ओळ हवी आहे, पण छापलंय ‘कोणाचाही’. पेनाने ‘चा’चा ‘ची’ केला तर चालेल का? की हा प्रकार इंग्रजीलाच जमतो, मराठीला नाही?
– एक वाचक, कराड

उत्तर : ‘चा’चा ‘ची’ करू नका. या खेळात फक्त वजाबाकी आहे. एक वेलांटी जरी पदरची घातली, तरी ती ओळ पानात सापडलेली राहत नाही, तुम्ही लिहिलेली होते. मग काळं करायचंच कशाला, कोऱ्या कागदावर लिहा की.

पण मराठीला हे जमत नाही, हे मला अजिबात मान्य नाही. मी छापखान्यात मुद्रितशोधक होते, अशा नोटिशी रोज हाताखालून जायच्या. तुमचं कात्रण मी प्रूफ वाचावं तसं वाचलं. नावं आणि गट क्रमांक तुम्ही आधीच खोडलेत, ते फार बरं केलंत. उरलेला मजकूर असा :

‘तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, खालील वर्णनाची मिळकत आमचे अशिलांनी खरेदी करण्याचे ठरविले आहे. सदर मिळकतीचे पूर्वेस रस्ता, दक्षिणेस विहीर, पश्चिमेस ओढा व उत्तरेस गावठाण आहे. सदर मिळकतीवर कोणाचा गहाण, दान, वारसा, पोटगी, वहिवाट वगैरे हक्क असल्यास १४ दिवसांचे आत मूळ कागदपत्रांसह कळवावे. मुदतीत हरकत न आल्यास तसा कोणाचाही हक्क नाही व असल्यास तो सोडून दिला आहे, असे समजून व्यवहार पूर्ण करण्यात येईल.’

तुम्ही विहिरीपाशी थांबलात आणि तिच्यासाठी क्रियापद शोधत खाली आलात. मराठीत उलट्या वाटेने जावं लागतं. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी बसतं आणि लिंग-वचन सांगून बसतं. म्हणून आधी शेवट धरायचा. इथे शेवटाला काय आहे? ‘सोडून दिला आहे.’ पुल्लिंगी, एकवचनी. आता पान खालून वर चढत जा : हक्क, वारसा, आणि त्यांच्याही वर चतुःसीमेत रस्ता आणि ओढा. विहीर नाही बसत. ओढा बसतो.

तमाम लोकांस
कळविण्यात येते की
ओढा
हरकत न आल्यास
सोडून दिला आहे
असे समजून
व्यवहार पूर्ण करण्यात येईल

यात एकही अक्षर मी घातलेलं नाही, क्रमही बदललेला नाही. नोटीस ज्याला निव्वळ पश्चिमेची हद्द म्हणते, त्या ओढ्याची ही गोष्ट झाली. विहिरीचा हट्ट धरला असता तर ती मिळाली नसती. लिंगाची अडचण वाटते ना, तीच तुम्हाला न सुचलेल्या शब्दाकडे नेते. मला या प्रकारात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच.

नोटिशीचा आणखी एक गुण. ‘कळविण्यात येते’, ‘करण्यात येईल’ ही क्रियापदं कर्त्याचं नावच घेत नाहीत. कोण कळवतं, कोण समजतं, पत्ता नाही. त्यामुळे ती कुठल्याही ओळीला जोडता येतात, आणि कवितेत आली की तो न दिसणारा माणूस पहिल्यांदा जाणवायला लागतो.

शब्द अर्धा झाकायचा का, हाही प्रश्न तुम्हाला पुढे पडेलच. ‘मिळकतीवर’मधला ‘वर’ झाकला तर ‘मिळकती’ उरतं, चक्क अनेकवचन. ‘लोकांस’मधला ‘स’ झाकला तर ‘लोकां’ उरतं. जुन्या अभंगाच्या भाषेत ते खपेल, नोटिशीच्या गद्यात लोंबकळतं. प्रत्यय झाकून पुरा शब्द उरत असेल तर मी खुशाल झाकते. काना-मात्रा झाकून नवे शब्द पाडणं मात्र मला आवडत नाही, ते शब्दकोड्याकडे जातं. टॉम फिलिप्स या इंग्रज चित्रकाराला अर्धे शब्द चालत. १९६६ साली त्याने लंडनमध्ये तीन पेन्सला डब्ल्यू. एच. मॅलॉकची १८९२ची एक विस्मृतीत गेलेली कादंबरी विकत घेतली, आणि ‘अ ह्युम्युमेंट’ या नावाने तिचं पान न् पान रंगवत पुढची पन्नास वर्षं काढली. शेवटची आवृत्ती २०१६ची. त्याच्या नायकाचं आडनाव मूळ कादंबरीत नाहीच. पानावर ‘टुगेदर’ किंवा ‘ऑलटुगेदर’ हा शब्द आला की त्यातली ‘toge’ ही चार इंग्रजी अक्षरं उघडी ठेवून त्याने ते काढलं. म्हणजे ज्या पानावर हा शब्द नाही, त्या पानावर नायकाचं नाव येऊच शकत नाही. एवढा कडक नियम पाळणार असाल, तर अर्धे शब्दही घ्या.

प्रश्न : नोटीस वकिलाने लिहिलेली. मग कविता माझी कशी?
– त्याच वाचक

उत्तर : निवड तुमची, म्हणून कविता तुमची. पण खाली ‘मूळ मजकूर : जाहीर नोटीस’ एवढं आणि तारीख छापाच. वाचणाऱ्याला मूळ काय होतं ते कळलं, तरच काय खोडलं ते कळतं. एम. नूरबेसी फिलिप या कवयित्रीचं ‘झाँग!’ (२००८) हे पुस्तक याच आधारावर उभं आहे. १७८१ साली झाँग नावाच्या जहाजावरून शंभराहून अधिक गुलाम आफ्रिकी माणसांना समुद्रात फेकलं गेलं, आणि पुढे कोर्टात वाद चालला तो विम्याच्या पैशांचा. त्या खटल्याच्या छापील अहवालातले शब्द फोडून तिने कविता केल्या. अहवालात माणसं म्हणजे माल होती, हे माहीत असल्याशिवाय ते पुस्तक वाचताच येत नाही.

कुणा कवीची किंवा कथाकाराची पानं घेणार असाल तर जपून. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. घरी वहीत काहीही करा, छापायला देताना परवानगी घ्या. आणि हयात कवीची कविता तर घेऊच नका, असं माझं मत आहे. तिथे खोडण्याचं काम त्याने स्वतः आधीच केलेलं असतं.

प्रश्न : मार्करने पलीकडचे शब्दही बुडतात. काय करावं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : वर्तमानपत्राचा कागद शाई पितो. आधी पेन्सिलीने ठेवायच्या शब्दांना चौकटी करा. मग बारीक टोकाच्या काळ्या पेनाने चौकटीबाहेरून कड ओढा, वरची वेलांटी आणि खालचा उकार आत राहील एवढी जागा सोडून. हे फार महत्त्वाचं आहे, आपली अक्षरं ओळीच्या वर-खाली बरीच पसरतात. जाड मार्कर सगळ्यात शेवटी, कडेपासून जरा लांब. खाली जुना पुठ्ठा ठेवा. पहिल्यांदाच करत असाल तर कात्रणाची झेरॉक्स थोडी मोठी करून घ्या, ओळींमध्ये हात फिरायला जागा मिळते.