ख्रिश्चन धर्मात बाळसुद्धा पापी जन्मतं म्हणतात, मग ते जगच वाईट मानतात का?

मी ठाण्यातला कॅथलिक आहे, त्यामुळे आमच्या बाजूने सांगतो. नाही, जग किंवा शरीर मुळात वाईट असं आम्ही मानत नाही, आणि हा गैरसमज इतका पसरलाय की मनापासून वाईट वाटतं.

बायबल उघडून बघा. आदाम या पहिल्या माणसाच्या पापाची गोष्ट उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात येते, त्याआधी पहिल्याच अध्यायात देव उजेड, समुद्र, झाडं, प्राणी, माणूस करतो आणि 31व्या वचनात ते सगळं बघतो तर फार चांगलं. जग म्हणजे अंधाराची करणी असं सांगणारा मानी नावाच्या जुन्या धर्मगुरूचा पंथ होता, चर्चचे मोठे विचारवंत संत ऑगस्टीन (354-430) तरुणपणी नऊएक वर्षं त्यातच होते, बाहेर पडल्यावर त्यांनी मांडलं की वाईट ही वेगळी वस्तूच नाही, ती चांगल्यात पडलेली उणीव आहे, कापडाला भोक पडतं तसं, कापडच नसेल तर भोक पडणार कुठे?

आमच्या ईस्ट इंडियन लोकांत, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या कॅथलिकांत, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा सुगीचा सण असतो. मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, तिच्या सुरुवातीला सगळे छातीवर हात मारून मी पाप केलंय असं म्हणतात आणि त्याच मिस्सामध्ये नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादाला येतात, काही अजून हिरवट, हातात घेतल्या की कुसळं टोचतात. पाप माझ्या वागण्यात आहे, त्या भातात नाही.

आणि जग चांगलं म्हटलं की त्याची नासाडी हे पापच झालं ना. पोप फ्रान्सिसनी 2015 च्या लाउदातो सी या पत्रात हेच सांगितलंय. आपल्या खाडीत तिवरांवर डेब्रिजचे डंपर रिकामे करतात ते माझ्या मते नुसता दंड भरून मिटणारं प्रकरण नाहीये.

आता बाळाचं. मूळ पाप म्हणजे बाळाने काहीतरी केलंय असं अजिबात नाही, कॅथलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट आहे की तो कोणाचा वैयक्तिक गुन्हा नाही, देवाशी तुटलेल्या नात्यात आपण जन्मतो एवढंच, आणि त्याने माणूस जखमी होतो, पूर्ण सडत नाही. सोळाव्या शतकातल्या कॅल्विन या धर्मसुधारकाच्या परंपरेतले प्रोटेस्टंट इथे जास्त कडक आहेत, बुद्धी, इच्छा सगळ्यालाच पापाने धरलंय म्हणतात, तर ऑर्थोडॉक्स, म्हणजे ग्रीस-रशियाकडच्या पूर्वेकडील चर्चचे लोक, आदामाचा दोष आपल्या माथी येतो हेच मानत नाहीत, मरण तेवढं वारशाने येतं म्हणतात. पण देवाने जग वाईट बनवलं असं यातलं कोणीच म्हणत नाही.