बीटी कपाशीच्या सरकीचं तेल खाल्लं तर अपाय होतो का?

नाही, रिफाइंड सरकी तेल बीटी कपाशीचं आहे म्हणून अपाय होत नाही. बीटी हा मातीतला एक जिवाणू; त्याचं जनुक या कपाशीत घातलेलं असतं. त्या जनुकामुळे झाडात जे प्रथिन तयार होतं, ते बोंडअळीच्या आतड्याला चिकटून छिद्रं पाडतं. आपल्या आतड्यात ते चिकटायला जागाच नाही. शिवाय तेल म्हणजे निव्वळ स्निग्ध पदार्थ. शुद्धीकरणात प्रथिन जवळपास उरतच नाही. भारतात बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. आज देशातली बहुतेक कपाशी बीटीच आहे, म्हणजे फरसाणातून हे तेल तुमच्या पोटात कधीच गेलं असणार! जपायचं ते गॉसिपॉलपासून. हा विषारी घटक सरकीत मुळातच असतो, अगदी देशी वाणातही, आणि तो शुद्धीकरणातच निघतो. त्यामुळे घाण्यावरचं कच्चं, काळपट लाल सरकी तेल मात्र स्वयंपाकात वापरू नका.