पुण्यात पावसाळ्यात लाकडी दार घट्ट होतं, सुताराकडून रंधा मारून घ्यावा का?

आत्ता नको, दिवाळीपर्यंत थांबा. आज रंधा मारलात तर उन्हाळ्यात त्याच फटीतून बोट जाईल. लाकूड हवेतला ओलावा पिऊन फुगतं, तेही आडवं. रेषांच्या दिशेने, म्हणजे उंचीत, जवळपास नाहीच. म्हणून दार कडीच्या बाजूला घासतं. पुण्यात जुलै-ऑगस्टच्या सकाळी आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, मार्च-एप्रिलच्या दुपारी ३० च्याही खाली. एवढ्या फरकात दार तेवढंच राहील कसं?

तोवर रंग उडून चकचकीत झालेला पट्टा शोधा आणि त्यावर मेणबत्ती किंवा कोरडा साबण घासा. तेल नको, धूळ चिकटते. दिवाळीनंतरही अडकलंच तर खुशाल रंधा मारा, पण उघड्या कडेला लगेच प्रायमर आणि रंग लावून घ्या. दाराची वरची आणि खालची कडही सोडू नका (सुतार नेमकी तीच विसरतात), कारण उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं तिथे उघडी असतात आणि पाणी तिथूनच जास्त शिरतं.

मात्र दार कडीकडच्या वरच्या कोपऱ्यात चौकटीला आणि त्याच बाजूला खाली फरशीला घासत असेल, तर दोष पावसाचा नाही. बिजागरीचे स्क्रू आवळा.