शेवंतीला रात्र अंधारीच हवी

प्रश्न : आषाढात वीस गुंठे शेवंती लावली. घटस्थापना आली, रान कळ्यांनी भरलंय; पण विहिरीकडच्या चार-पाच सऱ्या नुसत्याच हिरव्या, कळी एकही नाही. खत कमी पडलं का? चोरांच्या भीतीनं मोटरच्या खोलीवर रात्रभर बल्ब लावतो, एवढाच काय तो फरक.

उत्तर : खत कमी पडलेलं नाही. आता युरिया टाकलात तर पालाच वाढेल. दोष त्या बल्बचा आहे. दक्षिणायनात रात्री मोठ्या होत गेल्या की शेवंतीच्या शेंड्यात कळी धरते आणि तिला ती रात्र सलग अंधारी लागते. रात्रभर उजेड पडत असेल तर झाडाला अजून मोठे दिवसच वाटतात आणि ते वाढत राहतं. पॉलिहाऊसमध्ये हेच मुद्दाम करतात : फूल लांबवायचं तर रात्री दिवे लावतात, लवकर हवं तर संध्याकाळीच काळं कापड ओढतात.

दिवा आजच बंद करा. राखणीसाठी लागतच असेल तर पत्र्याचा आडोसा करून उजेड पिकावर येऊ देऊ नका. तिथून जातीप्रमाणे सात ते दहा आठवडे धरा. या सऱ्यांची दिवाळी हुकली, हे स्पष्टच सांगतो. पण मार्गशीर्षातल्या गुरुवारांना फुलाला मागणी असते, तिथं हा माल कामी येईल. फुटवे वाढवण्यासाठी आता शेंडे मात्र खुडू नका. ते काम लागवडीनंतर महिनाभरात करायचं. आता खुडाल तर येणारी कळीच जाईल.

प्रश्न : शेवंती बहुवर्षायू असते म्हणतात. मग फुलं संपल्यावर झाडं तशीच ठेवू का?

उत्तर : ताई, झाड जगतं हे खरं, पण त्याच जागी पुन्हा पीक घेऊ नका. फूल बारीक पडतं, मर रोग आणि सूत्रकृमी (मातीतले बारीक जंत) जमिनीत वाढतात. बहर संपला की झाडं जमिनीपासून वीतभर ठेवून कापा, बेताचं पाणी द्या. बुंध्यातून काश्या, म्हणजे मुळ्या असलेले कोंब, फुटतील, तेच तुमचं पुढचं बेणं.

एक काम मात्र फुलं असतानाच करा, फार मोलाचं आहे : निरोगी, भरघोस झाडांना रंगीत दोरा बांधा. फुलं गेली की सगळी झाडं सारखीच दिसतात. काश्या दोरा बांधलेल्या झाडांच्याच घ्या आणि पाणी न साचणाऱ्या दुसऱ्या रानात लावा.